सोनं दुरुस्तीला गेलं होतं

हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या बँकेचा पिनसुद्धा माहीत आहे.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात आयुष्यभर नर्स होती. तिथल्या कुठल्याशा पेशंटनं तिला जपानमधल्या क्योटोतल्या सोन्याच्या देवळाबद्दल सांगितलं होतं. ते एकदा बघायचं, एवढीच तिची इच्छा.

मीही इंग्लंडातच, बेसिंगस्टोकला, आयटीत. स्वस्तात फिरण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असं मला वाटायचं. म्हणून मीच तिला घेऊन गेलो. हॉस्टेलचे बंक बेड, दुकानातले भाताचे गोळे, आणि शक्य तिथे पायी. मावशी बहात्तरची. कुरकुर केली का तिनं? एकदाही नाही. वरच्या बंकवर मी झोपलो — एवढं तरी माझ्या बाजूनं लिहून ठेवतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही चुकीच्या बसमध्ये चढलो. उतरलो तर एक शांत गल्ली आणि टोकाला छोटंसं लाकडी देऊळ. तिकीट नाही, गर्दी नाही. मावशीनं हात जोडले.

"हेच का रे?"

आता — इथं मी "नाही" म्हणू शकलो असतो. खरं देऊळ दुसऱ्या बसनं अर्ध्या तासावर होतं. मग का नाही म्हणालो? बजेट? स्वतःला आजवर तेच सांगत आलोय. खरं कारण माझे पाय. सेलमधल्या बुटांनी टाचांना फोड आणले होते. बहात्तरची बाई ताजीतवानी उभी, आणि अडतिसाव्या वर्षी मला पाऊल टाकवत नव्हतं. ते कबूलही करवत नव्हतं.

"हेच," मी म्हणालो.

"आणि सोनं?"

"दुरुस्तीला गेलंय."

तिनं मान हलवली. "बरोबर आहे. इतकं जुनं म्हणजे जपायला हवं." मग ती तासभर पायरीवर बसून बघत राहिली. डोळे भरून आले होते तिचे. मी शेजारी बूट काढून बसलो — तिला वाटलं, भक्तीनं.

एवढ्यावरच थांबलं असतं, तर मी हे लिहिलं असतं का? पण गेल्या गणपतीत, लंडनमध्ये ईलिंगला, एका जोडप्यानं त्यांचे क्योटोचे फोटो दाखवले. झगमगतं सोनं, समोर मोठं तळं. मावशी सगळ्यांसमोर म्हणाली, "आम्ही गेलो तेव्हा सोनं काढून नेलं होतं. तळंही नव्हतं."

"अहो मावशी, तळं कुठे नेतील?" कोणीतरी म्हणालं, आणि लोक हसले.

मावशीनं माझ्याकडे बोट केलं. "याला विचारा. हा होता बरोबर."

सगळे वळले. काय बोलायला हवं होतं, ते तुम्हाला कळतंय. मलाही कळत होतं.

मी म्हणालो, "मावशी, तुझा काहीतरी गोंधळ होतोय."

परतताना गाडीत ती म्हणाली, "वय झालं रे माझं." मी गाडी चालवत राहिलो.

पुढच्या महिन्यात ती स्वतःहून जीपीकडे, म्हणजे तिच्या नेहमीच्या डॉक्टरकडे गेली, स्मरणशक्तीची टेस्ट करून आली. मला फोनवर सांगत होती — सगळी उत्तरं बरोबर आली, मग ते देऊळच तेवढं कसं चुकलं, कळत नाही.

"होतं असं कधीकधी," मी तिला म्हणालो.