बोडिलच्या नावावरचं काम

वर्गातलं कुणीच बोडिलला आवडत नव्हतं आणि वर्गालाही ती डोळ्यासमोर नको होती. एवढ्या एकाच बाबतीत त्यांचं एकमत होतं.

बावीस वर्षं तिनं होल्स्टेब्रो गावातल्या एका वर्तमानपत्रात पानं लावली. ते बंद पडल्यावर नगरपालिकेनं तिला, एक्कावन्नाव्या वर्षी, वेबसाइट आणि मल्टिमीडिया शिकायला बसवलं. परीक्षा एकच. पास झाली तर पुढचं वर्ष आणि त्यानंतर नोकरी. नापास झाली तर किनाऱ्यावरचा मासळीचा कारखाना, जिथे तिच्या आईनं तीस वर्षं बोटं गारठवली होती.

परीक्षेसाठी चौघांचा गट. जुन्या बोटींच्या संग्रहालयाची वेबसाइट करायची. गटाचा पुढारी माल्टे, वय बावीस, आणि त्याला निवडलं होतं त्यानं स्वतःच.

"बोडिल, तू मजकूर लिही," तो पहिल्याच दिवशी म्हणाला. "कोडला हात नको लावूस, मोडून ठेवशील."

"शिकायलाच आलेय मी."

"हो ना. मग शुक्रवारचा केक पण तूच आण. अगदी माझ्या आजीसारखा करतेस गं!"

बाकीचे दोघं खिदळले. बोडिलनं केक आणला, तोही चांगला, आणि मनातल्या मनात तिघांच्या बशीत वाळू कालवली.

मग तिनं हट्टानं कोड शिकला. सकाळी शाळा उघडायच्या आधी ती दाराशी उभी असायची. म्हाताऱ्या नावाड्यांच्या मुलाखतींचे व्हिडिओ होते. त्यांची किनाऱ्यावरची बोली धड कुणाला कळत नव्हती. तिला कळत होती. शब्दाला शब्द जुळवून तिनं सबटायटल लावली. ज्यांच्या हातात माउस धरायची ताकद नाही, त्यांना नुसत्या कीबोर्डनं व्हिडिओ चालवता यावा, असा प्लेअर लिहिला. अकरा आठवडे लागले. माल्टेनं पाहिलं, "बरं आहे" म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकांना सांगू लागला, "आम्ही असा विचार केला की..."

अहवालाच्या शेवटी कुणी काय केलं याची यादी लागते आणि खाली सगळ्यांच्या सह्या. यादी माल्टेनं केली. व्हिडिओ, सबटायटल, प्लेअर: माल्टे. मजकूर, कॉफी: बोडिल.

"कॉफी लिहिलीय बघ, तुझं नाव मोठं केलंय!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती वाढली त्या किनाऱ्यावर "हे मी केलं" म्हणणं म्हणजे भर चौकात शेखी मिरवणं. सात वर्षांची असताना चित्राला बक्षीस मिळालं म्हणून ती घरभर नाचली, तर आई दिवसभर तिच्याशी बोलली नव्हती. बोडिलनं सही केली, तीही वळणदार. मला तर माल्टेपेक्षा त्या सहीचाच जास्त राग येतो.

परीक्षा एकेकाची तोंडी. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई यादी समोर घेऊन बसल्या होत्या.

"प्लेअर उत्तम आहे. तुझा त्यात काही हात?"

"आम्ही सगळ्यांनी मिळून केलं."

"यादीत तसं नाहीये. नक्की सांग, तू काय केलंस?"

"गटाचं काम आहे ते."

"म्हणजे मजकूर. तीन पानं." बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं, "एवढंच?"

बाईंच्या शेजारी बसलेले शिक्षक तिच्याकडे बघत होते. सांग ना बाई, असंच त्यांचे डोळे म्हणत होते.

"एवढंच," बोडिल म्हणाली.

तिला शून्य मिळालं. माल्टेला बारा, त्याहून वर तिथे गुणच नाहीत. बाहेर त्याच्या घरच्यांनी अभिनंदनासाठी कागदी झेंडे आणले होते. "वाईट वाटलं गं," तो म्हणाला आणि फोटोसाठी वळला.

संध्याकाळी किनाऱ्यावरच्या लेमविगला आईच्या स्वयंपाकघरात तिनं सगळं सांगितलं. यादी, सही, तीन वेळा विचारलेला प्रश्न. आई बटाटे सोलत होती.

"नापास झालीस ते झालीस," आई म्हणाली. "पण स्वतःचा टेंभा मिरवला नाहीस, हे बरं केलंस."

"मी केलं होतं ते!" बोडिल टेबलावर हात आपटून ओरडली. "सगळं मी केलं! मी! एकटीनं!"

आई घाईघाईनं उठली आणि तिनं खिडकी लावून घेतली.