फाइलच्या नावापुढचा श्री
गरम झेरॉक्स कागदांचा वास आला की मला लालबागच्या आमच्या चाळीची ती सभा आठवते. पुनर्विकासात बिल्डरने अखेर आधीपेक्षा मोठ्या खोल्या द्यायचं कबूल केलं होतं. एक्सेलमध्ये मी दुपारीच नवे आकडे भरले होते, तरी त्यांना जोडलेला वर्डच्या अहवालातला चार्ट जुन्याच लहान खोल्या दाखवत होता. बाहेर अंगणात खुर्च्या सरकत होत्या. “काय गो, परत फसवतत काय?” उशीर बघून शेजारच्या काकू ओरडल्या. लोक उठून गेले असते तर संमतीच्या सह्या राहिल्या असत्या आणि बोलणी मोडली असती. मी लिंक तपासली, तर वर्डला एक्सेलची फाइलच सापडत नव्हती. “काका, फाइलचं नाव बदललंत?” मी शेजारी बसलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं. “छे! पुढे फक्त श्री लावला. शुभकार्य आहे ना!” मी तो खोडायला गेले, तर ते दचकले, “अगं, आज नको काढूस!” वाद घालायला वेळ नव्हता. श्रीसकट फाइल पुन्हा जोडली, चार्टमधले पट्टे सरसर वर चढले, प्रती निघाल्या, सह्या झाल्या. “बघ, पावला की नाही!” काका म्हणाले. आता आम्ही त्या मोठ्या खोल्यांत राहतो. काका समोरच असतात. सोसायटीच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड मात्र मी त्यांना अजून सांगितलेला नाही.