स्वयंपाकघराची खिडकी

अंबरनाथला आमच्या शेजारी राहणारे एक गृहस्थ बदलापूरच्या एका बिल्डरकडे नकाशे काढत. प्रत्येक स्वयंपाकघराला ते मोठी खिडकी काढायचे आणि बिल्डर ती खोडायचा. रद्दीतली परदेशी मासिकं उघडून मला म्हणायचे, "उजेड बघा ताई, उजेड. भांडीसुद्धा सुखी दिसतात."

आम्ही त्याच बिल्डरकडे फ्लॅट घेतला तेव्हा हळूच म्हणाले, "खिडकी मागून घ्या. माझं नाव मात्र सांगू नका."

मी हट्टानं मागितली, मिळाली.

वास्तुशांतीला ते बायकोसह आले. अंबरनाथच्या त्यांच्या खोलीत दिवसाही बल्ब लागायचा. जेवणं झाली, वहिनी निघायला वळल्या. ते ओट्यापाशीच उभे होते.

"थांब जरा," ते म्हणाले, "आता ऊन आत येईल. तेवढं बघून जाऊ."