पुरळ उठण्याची वाट

नवऱ्याच्या चेहऱ्यावर पुरळ उठावं म्हणून मी अकरा दिवस वाट पाहिली.

ते माजरीच्या कोळसा खाणीत डंपर चालवायचे. मोठ्या आतड्याचा कॅन्सर सापडला तेव्हा तो यकृतापर्यंत पोचला होता. नागपूरच्या डॉक्टर बाईंनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. "गाठीतले ठरावीक जीन बदललेले असतील तर हे औषध लागू पडत नाही. नसतील तर देऊ," त्या म्हणाल्या.

रिपोर्ट आला. जीन बदललेले नव्हते. गाठ आतड्याच्या डाव्या बाजूला होती, तेही चांगलंच म्हणे. पहिला डोस सलाइनमधून चढला. निघताना बाई म्हणाल्या, "तोंडावर पुरळ उठेल, घाबरू नका. ज्यांना उठतं, त्यांच्यात औषध बहुतेक काम करतं."

रोज चहाआधी मी त्यांना खिडकीशी बसवायची आणि चेहरा बोटांनी चाचपायची.

"हाये काय काही?"

"नाई."

तो गुळगुळीत चेहरा बघून मला धडकी भरायची. आत काहीच घडत नसेल तर?

बाराव्या दिवशी नाकाच्या कडेला लाल ठिपका दिसला. आठवड्यात कपाळ, गाल, छाती फोडांनी भरली. खाज अशी, की त्यांना झोप येईना. आणि मला आनंद झाला होता. त्या आनंदाची मला आजही लाज वाटते.

शेजारच्या बाई दारातूनच परतल्या. थोड्या वेळानं बघते, तर आमच्या चौकटीला कडुनिंबाची डहाळी खोचलेली. मी त्यांना सांगायला गेले, "बाई, हे औषधानं झालं." त्यांनी हात जोडले. मला नाही, माझ्यामागे येऊन उभ्या राहिलेल्या ह्यांना. "देवी आली वो भाऊले," त्या पुटपुटल्या. मग रस्त्यात कुणी बाजूला सरकायचं, कुणी नमस्कार करायचं. एकदा ह्यांनी विचारलं, "मी जित्ता हावो ना?"

स्कॅनमध्ये यकृतातल्या गाठी आकसल्या होत्या. आठ महिने बरे गेले.

मग चेहरा निवळू लागला. महिन्याभरात कातडी लग्नातल्यासारखी झाली. सगळे खूश. हे मात्र आरशासमोर उभे राहून गालावरून बोटं फिरवत होते.

"काऊन गेलं असन?"

"मलम लावतो ना आपण."

"मलम तं पयलेपासूनच लावून राह्यलो."

डॉक्टर बाई म्हणाल्या, नुसतं पुरळ गेल्यानं काही ठरत नाही. पण स्कॅनमध्ये गाठी वाढलेल्या निघाल्या. रक्त तपासलं. रक्तात गाठीचे अंश सापडतात. जो जीन आधी जसाच्या तसा होता, तो आता बदललेला होता.

"म्हणजे पहिला रिपोर्ट चुकला?" मी विचारलं.

"नाही. औषधानं मरणाऱ्या पेशी मेल्या. न मरणाऱ्या थोड्या असतील, त्या वाढल्या."

परतताना वाटेत हे एवढंच म्हणाले, "आतमंदी कोनीतरी दुसराच राह्यते."

औषध बदललं, फार फरक पडला नाही. महाशिवरात्रीला त्यांनी मार्कंड्याच्या जत्रेला जायचा हट्ट धरला. तिथे त्यांच्या शिफ्टमधले एक जुने सोबती भेटले. "भाऊ, काय तेज आलं तोंडावर! बरे झाले तुम्ही!"

"हो," हे म्हणाले, आणि त्यांच्या मुलीच्या लग्नाचं विचारत उभे राहिले.

होळीनंतर नवव्या दिवशी हे गेले.