तक्त्याची शेवटची ओळ

ह्यांच्या हृदयाची झडप बदलली, त्याला आता दोन वर्षं होतील. आतली झडप धातूची आहे. घरात शांतता असली की तिची टिकटिक बाहेरही ऐकू येते. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यायची, एवढं मला पाठ होतं. मी शाळेत विज्ञान शिकवते. मला सगळंच पाठ असतं, आणि त्याचा तोराही असतो.

ऑपरेशन करून धुळ्याच्या घरी परतलो तेव्हा हिवाळा होता. नरडाण्याजवळच्या गावाहून सासूबाई बाजरीचं पीठ घेऊन आल्या. मी भाकरी बंदच केली. म्हटलं, जड पडते, पालकाने रक्त वाढतं.

"भाकर नही खादी ते ताकद कथाइन येई?" सासूबाई म्हणाल्या.

मी हट्टाला पेटले. शाळेसाठी हाताने केलेला तक्ता आणून स्वयंपाकघरात टांगला. एकीकडे बाजरी, दुसरीकडे पालक. बाजरीतही लोह चांगलं होतं, तिकडे मी काणाडोळा केला आणि पालकाच्या जीवनसत्त्वांची रांग बोट ठेवून वाचून दाखवली. अक्षरओळख नसलेल्या बाईला असं गप्प केलं, याची आज लाज वाटते.

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हाताने येत नाही. कुणाच्या शेतातला पालक, कुणाची मेथी, कुणाचा पोकळा. दोन्ही वेळा घोटलेली भाजी, वर आणखी वाटीभर. हे मुकाट्याने खात होते.

महिन्याच्या तपासणीत डॉक्टरांनी रक्त किती पातळ आहे, तो आकडा पाहिला. "गोळ्या चुकल्या का?"

एकही चुकली नव्हती. जेवणात काय असतं, तेही विचारलं. मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवला.

"ताई, एवढ्या पालेभाजीपुढे गोळीचं काही चालत नाही. गुठळी कधीही होऊ शकते. फाईलमध्ये लिहिलं होतं ना?"

लिहिलं होतं. मी वाचलं नव्हतं. त्यांनी गोळी वाढवली. भाजी रोज एक लहान वाटी, कमी नाही की जास्त नाही. आठ दिवसांनी पुन्हा रक्त तपासायचं.

घरी आले ती थेट तक्त्यापुढे. शेवटची ओळ: 'जीवनसत्त्व के, रक्त गोठण्यास मदत करते.' पालकाखाली 'भरपूर', बाजरीखाली 'नगण्य'. अक्षर माझंच. ही ओळ मी वर्षानुवर्षं मुलांकडून घोकून घेतली होती.

"काय लिखेल शे तठे?" सासूबाईंनी विचारलं. मी वाचून दाखवलं, अर्थही सांगितला. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"तुले ते वाचता येस ना, माय?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच कळत नव्हतं.

ते आठ दिवस मी भीतीने अर्धी झाले. हे बोलता बोलता अडखळले की गुठळी मेंदूत गेली, असंच वाटायचं. दुपारी आडवे झाले की टिकटिक ऐकायला छातीशी कान नेऊन बसायची. शाळेतून घराकडे फोन लावायची, पलीकडून ह्यांचं "हॅलो" आलं की ठेवून द्यायची.

आकडा जागेवर आला. भीती काही गेली नाही. आता हे जेवायला बसले की मी टीव्ही बंद करते, टिकटिक ऐकते आणि मगच पालकाची वाटी ताटात ठेवते. ओट्यापाशी भाकरी थापणारे सासूबाईंचे हात तेवढा वेळ थांबलेले असतात.