धुतलेल्या चाकाचा पंचनामा

ते प्रकरण आठवले की आजही माझे डोके तापते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण एका विमानाच्या पुढच्या चाकाने जेवढा मनस्ताप दिला तेवढा कुणीच दिला नाही. मित्र म्हणतात, निवृत्त झालास, आता सोडून दे. मी का सोडू? नाव कुणाचे घेणार नाही, पण घडले ते सांगणार.

नवे शतक उजाडून काही वर्षे झाली होती. मी मुंबईत गुन्हे शाखेत निरीक्षक होतो. एका बड्या उद्योगपतीचे स्वतःचे छोटे जेट विमान होते. त्या विमानाला एक विचित्र खोड लागली होती. वरून खाली येताना ढगात शिरले की ऑटोपायलट आपोआप सुटायचा. विमान हवेत असायचे आणि त्याच्या यंत्रणेला वाटायचे, आपण जमिनीवर उभे आहोत. दुरुस्तीसाठी ते दोनदा सिंगापूरला गेले आणि दोन्ही वेळा ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत आले. तिसऱ्या वेळी उतरता उतरता, जमिनीवर टेकलो असे समजून यंत्रणेने केबिनमधली हवाच सोडून दिली. डोक्यावरचे ऑक्सिजनचे मुखवटे खाली लोंबले, शेठच्या कानातून रक्त आले. वैमानिक कसलेला होता म्हणून सगळे वाचले. मग विमान रिकामेच, कमी उंचीवरून, पुन्हा सिंगापूरला नेले गेले आणि इकडे आमच्याकडे फिर्याद आली: घातपाताचा प्रयत्न.

फिर्याद घेऊन त्या उद्योगपतीच्या कंपनीचे जनरल मॅनेजर आले होते. संशयितही त्यांनी सोबत तयार करून आणला होता. सिंगापूरच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानदुरुस्तीच्या शेडमध्ये, या विमानाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तपासणारा इंजिनिअर मराठीच होता, नाशिककडचा. मागच्या खेपेला विमान ताब्यात घेताना कंपनीच्या माणसांना तिथे नारळ फोडायचा होता. त्याने फोडू दिला नाही. आणि आता तो ‘विमान उडण्यास योग्य’ या दाखल्यावर सही करायलाच तयार नव्हता.

“साहेब, त्याचं आडनाव बघितलंत ना?” मॅनेजर आवाज खाली आणून म्हणाले. “बौद्ध आहे तो. आपलं काही मानत नाही. मनात काय असेल कोण जाणे.”

“आडनावाला कोणतं कलम लावू?” मी विचारले.

ते हसले. मी हसलो नाही. पोलीस ठाण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला एक कळते. फिर्यादी गुन्ह्याआधी गुन्हेगाराबद्दल बोलायला लागला की समजावे, गुन्हा त्याने अजून नीट पाहिलेलाच नाही.

परदेशात आम्हाला ना अटकेचा अधिकार, ना झडतीचा. तिथल्या पोलिसांच्या संमतीने, त्यांच्या अधिकाऱ्यासमोर, समोरचा माणूस राजीखुशीने देईल तेवढाच जबाब. परवानगी यायला बराच वेळ गेला. निघताना वरिष्ठांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावले. “जबाबाचं निमित्त आहे. त्याला गोड बोलून इकडे घेऊन या. विमानतळावर उतरला की अटक दाखवू.” मी ‘हो’ म्हणालो नाही आणि ‘नाही’ही म्हणालो नाही. सलाम ठोकला आणि निघालो.

सिंगापूरच्या पोलिसांनी सोबत दिलेला इन्स्पेक्टर चिनी वंशाचा होता, माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. हँगर बेटाच्या उत्तरेला होते. आत शिरलो तर जमीन आमच्या आयुक्तालयापेक्षा स्वच्छ. विमान मधोमध उभे होते आणि त्याच्या नाकाशी हात पाठीमागे बांधून इंजिनिअर उभा होता. पस्तिशीचा, सडपातळ. मी मराठीत बोललो तेव्हा त्याचा चेहरा मोकळा होण्याऐवजी आणखी आवळला.

तिथल्याच एका खोलीत जबाब सुरू केला. इन्स्पेक्टर कोपऱ्यात बसला. मी माझी जुनी पद्धत वापरली, आधी गप्प बसलो. गप्पपणा सहन न होऊन माणसे बोलायला लागतात. हा बोलला नाही. शेवटी मीच विचारले, “सही का करत नाही?”

“दोष सापडला नाही म्हणून.”

“याआधी दोनदा केलीत की.”

“तेव्हा वाटलं, ओलावा असेल. पुढच्या चाकाच्या दांड्यावर एक सेन्सर असतो. विमान जमिनीवर आहे की हवेत, हे तो सांगतो. त्याच्या प्लगच्या पिना थोड्या हिरवट दिसल्या, साफ केल्या, सगळं नीट चालायला लागलं. पण एकच गोष्ट तिसऱ्यांदा होते तेव्हा तिला कारण असतं. ते कळल्याशिवाय मी त्या विमानात माणसं बसवणार नाही. तुम्ही मला बेड्या घाला, तरी नाही.”

“आणि नारळ?”

“हँगरमध्ये सुटी वस्तू पडू द्यायची नाही, असा नियम आहे. करवंटीचा तुकडा इंजिनात गेला तर पाती तुटतात. ख्रिसमसला इथल्या पोरांनी लावलेला कागदी तारासुद्धा मीच काढायला लावला होता. त्याची फिर्याद नाही आली वाटतं तुमच्याकडे?” मग तो पुढे वाकला. “साहेब, सरळ विचारतो. माझ्या आडनावावरून आलात का तुम्ही?”

मला राग आला. त्याचा नाही. खोटे बोलायचे तर सोपे होते. मी म्हणालो, “मला पाठवणाऱ्यांनी त्यावरूनच पाठवलंय. मी चाक बघायला आलोय. दाखवा.”

चाक पाहिले. लखलखीत होते, बोट फिरवले तर धूळ नाही. मी विचारले, “इतकं स्वच्छ कसं?”

“विमान आलं की आधी धुवायचं, ही इथली पद्धत. धुतल्याशिवाय तपासणीला घेत नाहीत.”

मी तिथेच कपाळावर हात मारला. गुन्ह्याची जागा आधी स्वच्छ धुवायची आणि मग तिचा पंचनामा करायचा! आमच्या हवालदाराने असे केले असते तर मी त्याला उभा आडवा झाडला असता. “धुताना कुणाला काही दिसतं का?” मी विचारले.

“विशेष काही नाही. धुणारी माणसं कुरकुरतात, या विमानाच्या चाकाच्या खाचेत मुंग्या असतात म्हणून. त्यांना इंडियन अँट्स म्हणून हसतात.”

मीही तेव्हा ते सोडून दिले. संध्याकाळी राहत्या घरची चौकशी करायची होती, म्हणून इन्स्पेक्टरसोबत यिशुन भागातल्या इंजिनिअरच्या फ्लॅटवर गेलो. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली पुस्तकांचे कपाट. त्याच्या बायकोने दार उघडले आणि दारातच विचारले, “चहा देते, पण आधी सांगा, यांना न्यायला आलात का?”

“विचारपूस करायला आलोय, वहिनी.”

“विचारपूस इथे पोचायच्या आधी बातमी पोचते, साहेब. यांचा इथे राहायचा पास नोकरीला बांधलेला आहे. नोकरी गेली की देश सोडायचा. लायसन गेलं की पुन्हा कुणी विमानाला हात लावू देणार नाही. आणि यांनी केलंय काय, तर माणसं मरू नयेत म्हणून सही अडवली.” तिचा आवाज कापत नव्हता. ती स्वयंपाकघरात गेली, मीही दाराशी जाऊन उभा राहिलो. ओट्यावर साखरेचा डबा एका ताटलीत ठेवला होता आणि ताटलीत पाणी होते.

“हे काय?”

“मुंग्या, अजून काय. इथल्या दमट हवेत गोडाचा कण राहिला की रांग लागते.”

चहा हातात होता आणि माझ्या डोक्यात दसरा उभा राहिला. आमच्या ठाण्यात दसऱ्याला शस्त्रांची पूजा व्हायची, जीपला हार घालायचे आणि पुढच्या चाकाशी नारळ फोडायचे. नारळ मीच फोडायचो. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर दरवर्षी तीच बोंब मारायचा, की साहेब, चाकाला मुंग्या लागल्या, नारळाचं पाणी चिकट झालंय. विमानाच्या चाकात साखर कुठून येणार, याचे उत्तर मला तिथे दुसऱ्या कुणी सांगण्याची गरज नव्हती.

त्याच क्षणी मुंबईला वैमानिकाला फोन लावला. तो आधी घुटमळला, मग म्हणाला, “शेठच्या आईंची श्रद्धा आहे. मोठ्या प्रवासाला निघताना पुढच्या चाकाशी नारळ फोडतात. चाक सरकू नये म्हणून ठोकळा लावलेला असतो, त्यावरच आपटतात.”

“बिघाड झाला त्या तिन्ही वेळा?”

फोनवर वहीची पाने उलटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “तिन्ही वेळा फोडला होता, साहेब.”

बाहेरच्या खोलीत बसलेल्या इंजिनिअरला मी सांगितले तेव्हा तो खुर्चीतून उठलाच. “पाणी दांड्यावर उडणार, प्लगमध्ये झिरपणार आणि वाळून चिकट थर धरणार. वर कडाक्याच्या थंडीत तो गारठणार. खाली ढगात आल्यावर त्यावर बाष्प धरणार आणि थरातून करंट पळणार. इथे आल्यावर आम्ही धुऊन टाकणार!” मग तो एकदम थांबला. “पण हे मी बोललो तर म्हणतील, बघा, हा आता देवावर ढकलतोय.”

“म्हणून तुम्ही बोलायचं नाही. सिद्ध करायचं,” मी म्हणालो.

सकाळी लिटिल इंडिया या भारतीय वस्तीतून पूजेचा, शेंडीचा नारळ आणला. हँगरच्या भंगारातून दोन जुने पण चालू सेन्सर घेतले. बाहेरच्या अंगणात, सगळ्यांदेखत, मी स्वतः नारळ फोडला. एका प्लगवर नारळाचे पाणी उडवले, दुसऱ्यावर साधे. दोन्ही पंख्याखाली खडखडीत वाळवले आणि कॅन्टीनच्या फ्रीझरमध्ये ठेवले. कॅन्टीनवाल्या आंटीने मासळीशेजारी लोखंड ठेवल्याबद्दल आम्हाला चांगलेच सुनावले. इन्स्पेक्टर पहिल्यांदाच हसला. “दिस वन पोलीस वर्क ऑर कुकिंग, आह?”

दोन्ही सेन्सर बाहेर काढून चाचणी यंत्राला जोडले. दमट हवेत त्यांच्यावर दव धरायला लागले. साध्या पाण्याच्या सेन्सरचा दिवा ‘हवेत’ दाखवत राहिला. नारळाच्या पाण्याचा दिवा फडफडला आणि ‘जमिनीवर’ म्हणून पेटला. इंजिनिअर त्या दिव्याकडे बघत राहिला. मग त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिला. इन्स्पेक्टरने मला न विचारता पेन काढले आणि साक्षीदार म्हणून सही केली.

त्याच दिवशी इंजिनिअरने प्लग बदलला, त्यावर पाणी अडवणारे आवरण चढवले, कारण लिहिले आणि मग दाखल्यावर सही केली. मी एकटाच मुंबईला परतलो.

खरी लढाई इकडे होती. वरिष्ठांनी अहवाल वाचला आणि ‘नारळ’ या शब्दाखाली रेघ मारली. “हे काढा. ‘बाह्य ओलावा’ लिहा. आणि ‘अ’ समरी पाठवून प्रकरण मिटवा.”

वाचकांना सांगायला हवे. पोलीस तपास बंद करताना न्यायालयाकडे समरी मागतात. ‘अ’ म्हणजे गुन्हा घडला, पण आरोपीविरुद्ध पुरावा मिळाला नाही. ‘क’ म्हणजे गुन्हा घडलाच नाही, गैरसमजातून फिर्याद झाली. वरवर पाहता एका अक्षराचा फरक. पण ‘अ’ गेली असती तर त्या इंजिनिअरवर संशय जन्मभर राहिला असता. प्रत्येक नव्या नोकरीत, प्रत्येक पासच्या अर्जात तो वर आला असता.

“‘क’च जाईल, सर,” मी म्हणालो.

“लोकांच्या भावना दुखावतील. शेठच्या आईंचं नाव येतंय यात.”

“मी दर दसऱ्याला नारळ फोडतो, सर. माझी भावना दुखावली नाही.”

“तुम्हाला भारी पडेल.”

“पडू द्या.”

मॅनेजरांनीही जोर लावला. त्यांना विमानापेक्षा स्वतःचे बोलणे खरे ठरण्याची काळजी होती. शेवटी मी सरळ शेठच्या आईंचा जबाब घ्यायला गेलो. सगळे मला अडवत होते, म्हातारीला धक्का बसेल म्हणून. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, “मग हे आधी सांगायचं ना! लांब फोडला असता. देवाला काय, चाकालाच हवा होता का तो?” थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “त्या मुलावर आळ घेतला होता का रे कुणी?” मॅनेजर शेजारीच उभे होते.

‘क’ समरी न्यायालयाने मान्य केली. महिन्याभरात माझी बदली प्रशिक्षण केंद्रात झाली. तिथे गुन्हे नाहीत, फक्त कवायत. लोक हळहळले. मी नव्या पोरांना पहिल्याच तासाला शिकवायला लागलो, की घटनास्थळ कुणी धुतले आहे का ते आधी विचारा आणि आडनाव सगळ्यात शेवटी. जमेल तर विचारूच नका. या प्रकरणाने मला एवढेच शिकवले. आपल्याला जे रोजचे, पवित्र आणि घरचे वाटते तिकडे संशयाची नजर जातच नाही. ती जाते परक्या ठरवलेल्या माणसाकडे. मग त्याने माणसांचा जीव वाचवायला सही अडवलेली असली तरी तोच चोर दिसतो.

तो इंजिनिअर अजून विमाने तपासतो. मी अजून दसऱ्याला गाडीला नारळ फोडतो, चाकापासून चार पावले लांब. आणि कुठल्याशा दप्तरात माझा तो अहवाल पडून असेल. त्यातल्या ‘नारळ’ शब्दाखाली वरिष्ठांची लाल रेघ आहे आणि त्या पानाखाली माझी सही. आज पुन्हा समोर ठेवला तर मी पुन्हा सही करीन.