पहिली तळटीप
परवा कपाट आवरताना जुने कार्बन पेपर सापडले आणि त्यांच्या मेणचट वासाबरोबर कसब्यातलं ते टायपिंगचं दुकान आठवलं. हडपसर तेव्हा गावच होतं आणि तिथल्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीवर मी राज्यशास्त्राच्या एका इंग्रजी नियतकालिकासाठी लेख लिहिला होता. गावातल्या एका शेतकऱ्याने महिनाभर मला सायकलवर मागे बसवून घरोघर नेलं होतं. ते नसते तर माझ्याशी कोणी बोललंच नसतं. पहिल्याच तळटीपेत मी त्यांचं नाव घेऊन आभार मानले होते आणि तसं त्यांना सांगितलंही होतं. पण लेख कोणाचा हे परीक्षकांना कळू नये म्हणून असे सगळे उल्लेख काढून प्रती पाठवायच्या असत. "अहो, मग ही टीप?" टायपिंगवाल्यांनी विचारलं. "आत्ता काढा, छापताना घालू," मी म्हणालो. लेख स्वीकारला गेला, प्रुफं आली, मी त्यात माझं नाव दोनदा तपासलं. टीप घालायची राहिली. अंक घेऊन मी मिरवत हडपसरला त्या शेतकऱ्यांच्या घरी गेलो. इंग्रजीत त्यांना फक्त स्वतःची सही येत होती. ओट्यावर बसून ते पानापानावरून बोट फिरवत तेवढीच अक्षरं शोधत राहिले, तेव्हा कुठे मला आठवलं. "जागा नव्हती म्हणून संपादकांनी काढलं," मी म्हणालो. "असंल," त्यांनी अंक मिटला. "तुमचं हाय न्हवं, बास." पुढे तो लेख माझ्या पुस्तकात आला. तिथे जागा किती द्यायची हे मीच ठरवणार होतो, आणि तरीही ती टीप त्यात नाही.